कर्ण्यासमोरचा माणूस

नेपल्सच्या कारखान्यात घाम गाळणारा एक पोरगा. गायला लागला की वरचे स्वर फाटायचे. गुरूनं पहिल्याच भेटीत नाक मुरडलं. तोच पुढे जगातल्या सगळ्यात मोठ्या ऑपेरा हाउसचा राजा झाला आणि रेकॉर्डिंग नावाच्या नव्या धंद्याचा पहिला सुपरस्टारही. एन्रिको कारुसो. त्याचा आवाज जन्मजात होता की घडवलेला?

फोन काढा. कुठल्याही म्युझिक ॲपवर ‘एन्रिको कारुसो’ टाका आणि ‘वेस्ती ला जुब्बा’ लावा.

आधी खरखर ऐकू येईल. तव्यावर काहीतरी तळलं जातंय अशी. मागचा ऑर्केस्ट्रा पत्र्याच्या डब्यात बसून वाजवतोय असं वाटेल. बंद करायचा मोह होईल, पण करू नका. थोड्याच वेळात एक आवाज त्या खरखरीला बाजूला सारून थेट तुमच्यासमोर येऊन उभा राहतो. भाषा इटालियन. शब्द एकही कळत नाही. पण हा माणूस आतून मोडलाय आणि तरी त्याला आता लोकांना हसवायला जायचंय, एवढं नक्की कळतं.

प्रसंगही तसाच आहे. ‘पाल्याच्ची’ या ऑपेरात कानियो नावाचा विदूषक आहे. बायकोनं फसवल्याचं त्याला आत्ताच समजलंय. आणि खेळाची वेळ झालीय. तोंडाला रंग फासायचाच आहे.

हे रेकॉर्डिंग शंभरहून जास्त वर्षं जुनं आहे. आणि गंमत म्हणजे गाणं रेकॉर्ड करताना कारुसोसमोर मायक्रोफोन कधीच नव्हता. मायक्रोफोननं रेकॉर्डिंग व्हायला लागलं १९२५ साली. कारुसो १९२१ मध्येच गेला. वय फक्त ४८.

त्याआधी त्याला नेपल्सहून न्यूयॉर्कला पोचायचं होतं. तो रस्ता सरळ नव्हता.

कारंजी बसवणारा पोरगा

२५ फेब्रुवारी १८७३. इटलीतल्या नेपल्स शहरात, गरीब वस्तीत एन्रिकोचा जन्म झाला. वडील मार्चेल्लिनो मेकॅनिक, ओतकामाच्या कारखान्यात काम करायचे. एन्रिको हा एकवीस भावंडांतला अठरावा, अशी एक दंतकथा बरीच वर्षं फिरत होती. पुढे चरित्रकारांनी चर्चमधल्या नोंदी तपासल्या तेव्हा भावंडं सातच निघाली. त्यातलीही बरीचशी लहानपणीच गेली. खरी गोष्ट दंतकथेपेक्षा लहान आहे, पण दुःख कमी नाही.

अकराव्या वर्षी त्याला कामाला लावलं. शहरात पाण्याची सार्वजनिक कारंजी बसवणाऱ्या एका मेकॅनिकल इंजिनिअरच्या हाताखाली. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावर नेपल्सला आला की तो लोकांना एक कारंजं दाखवायचा आणि हे बसवायला मी होतो म्हणून सांगायचा. नंतर वडिलांबरोबर तो कारखान्यातही राबला. गाणं चालायचं ते चर्चमध्ये. आईला त्याच्या गाण्याचं कौतुक होतं. १८८८ मध्ये आई गेली. एन्रिको पंधरा वर्षांचा होता.

मग रस्त्यावर, कॅफेमध्ये, लोकांच्या समारंभांत गाऊन तो चार पैसे मिळवायला लागला. नेपल्समध्ये गाणाऱ्या पोरांची काही कमी नव्हती. हा त्यातलाच एक.

कोणीतरी त्याला गुग्लिएल्मो वेर्जिने या गुरूकडे नेलं. वेर्जिनेनं आवाज ऐकला आणि म्हणाला की हा तर खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी घालतो तसा आवाज आहे. ही गोष्ट कारुसोच्या प्रत्येक चरित्रात सापडते. तरी वेर्जिनेनं त्याला वर्गात बसू दिलं. फी द्यायला पैसे नव्हते, म्हणून करार झाला. पुढच्या कमाईतले २५ टक्के गुरूला, ‘प्रत्यक्ष गायनाची पाच वर्षं’ पूर्ण होईपर्यंत.

वाचताना काही विशेष वाटत नाही ना? आता ते दोन शब्द पुन्हा वाचा, ‘प्रत्यक्ष गायनाची’. म्हणजे स्टेजवर गायलेले दिवसच तेवढे मोजायचे. अशी पाच वर्षं भरायला आख्खा जन्म पुरला नसता. प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी पैसे मोजून मिटलं. सही करण्याआधी बारीक अक्षरं वाचा, हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वीही तितकाच महाग होता.

फाटणारे स्वर

मध्येच लष्कराची सक्तीची भरती आली. तिथल्या एका अधिकाऱ्यानं या पोराचं गाणं ऐकलं. दीडेक महिन्यात एन्रिको मोकळा झाला. त्याच्या जागी कोण गेलं? धाकटा भाऊ जोव्हान्नी. आज आपण कारुसो ऐकतो त्यात या भावाचा वाटा आहे, हे विसरायला नको.

१५ मार्च १८९५. नेपल्सच्या तेआत्रो नुओवोमध्ये बावीस वर्षांचा कारुसो पहिल्यांदा ऑपेरात उभा राहिला. तो ऑपेरा आज कुणाच्या लक्षातही नाही.

थोडं ऑपेराबद्दल. आपल्या संगीत नाटकात संवाद होतात आणि मध्ये पदं येतात. ऑपेरात बहुतेक वेळा संवादसुद्धा गायचे असतात. समोर पिटात साठ-सत्तर वादकांचा ऑर्केस्ट्रा. त्यावरून आवाज फेकायचा, शेवटच्या बाल्कनीपर्यंत, तेही माइक नसताना. टेनॉर म्हणजे पुरुषांचा उंच पट्टीतला आवाज. नायक बहुधा टेनॉरच असतो आणि प्रेक्षक श्वास रोखून वाट बघतात ती त्याच्या सगळ्यात वरच्या स्वरांची.

कारुसोची अडचण नेमकी तिथेच होती. खालचा आणि मधला आवाज गडद, भरदार. वर गेलं की भरवसा नाही. स्वर चिरकायचा, फाटायचा. टेनॉरचं हे म्हणजे फास्ट बोलरचा रनअपच चुकावा तसं.

त्यात खिसा रिकामा. त्या काळातला त्याचा एक फोटो प्रसिद्ध आहे. खांद्यावरून रोमन सरदारासारखं वस्त्र घेतलेलं, एकदम रुबाबदार. ते वस्त्र म्हणजे पलंगावरची चादर होती. एकुलता एक शर्ट धुवायला टाकला होता!

या दिवसांत त्याला व्हिन्चेन्झो लोम्बार्दी हे दुसरे शिक्षक भेटले. त्यांनी वरच्या स्वरांवर काम करून घेतलं. वर जाताना घसा आवळायचा नाही, श्वासाचा आधार सोडायचा नाही. ऐकायला सोपं आहे. करायला वर्षं लागतात. कारुसोलाही लागली. एका रात्रीत काही झालं नाही. गावोगावचे खेळ, कधी टाळ्या, कधी हुर्यो, आणि प्रत्येक खेळानंतर तोच स्वर पुन्हा. त्याच्या आवाजातली ती प्रसिद्ध ‘सहजता’ तिशीच्या आसपास आलेली आहे.

१८९७ मध्ये तो संगीतकार पुच्चिनीच्या घरी ‘ला बोहेम’ या ऑपेरासाठी ऑडिशन द्यायला गेला. गाणं ऐकून पुच्चिनीनं, तुला माझ्याकडे कुणी पाठवलं, देवानं का, असं विचारल्याची कथा सांगतात. कथा सोडून द्या, पण काम मिळालं हे खरं. १७ नोव्हेंबर १८९८ ला मिलानमध्ये जोर्दानोचा नवा ऑपेरा ‘फेदोरा’ आला आणि कारुसो रातोरात चर्चेत आला. ‘रातोरात’ म्हणजे पदार्पणानंतर साडेतीन वर्षांनी. मग सेंट पीटर्सबर्ग, ब्युनोस आयर्स. १९०० च्या डिसेंबरात मिलानचं ला स्काला, तोस्कानिनीच्या हाताखाली.

आणि मग घरचा फटका. डिसेंबर १९०१ मध्ये तो स्वतःच्या गावात, नेपल्सच्या सान कार्लो थिएटरमध्ये गायला. तिथल्या जाणकारांना तो पसंत पडला नाही. वर्तमानपत्रातून टीका झाली. कारुसोला ते फार लागलं. नेपल्सच्या रंगमंचावर तो पुन्हा कधी गायला नाही. खायला येईन, गायला येणार नाही, असं तो म्हणाल्याचं सांगतात. आणि तसाच वागला.

एक खोली, दहा गाणी, शंभर पौंड

आता यायचं एप्रिल १९०२ मध्ये. मिलानमधलं ग्रँड हॉटेल. याच हॉटेलात आदल्या वर्षी थोर संगीतकार व्हेर्दीचं निधन झालं होतं. तिथल्या एका खोलीत फ्रेड गैसबर्ग हा तरुण अमेरिकन आपलं यंत्र मांडून बसला होता. हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस. त्यानं कारुसोला ला स्कालामध्ये ऐकलं होतं. कारुसोची मागणी होती, दहा गाण्यांचे शंभर पौंड, एका दुपारत.

गैसबर्गनं लंडनला तार केली. उत्तर आलं की मानधन अवाच्या सवा आहे, रेकॉर्डिंग करू नका. गैसबर्गनं ती तार बाजूला ठेवली आणि रेकॉर्डिंग केलं. साहेबांचं न ऐकण्याचा इतका फायदेशीर निर्णय कंपन्यांच्या इतिहासात फार थोड्यांनी घेतला असेल.

तेव्हा रेकॉर्डिंग व्हायचं कसं? वीज नाही, माइक नाही, व्हॉल्यूमचं बटण नाही. भिंतीतून किंवा स्टँडवरून पुढे आलेला एक पत्र्याचा कर्णा. गायकानं त्यात तोंड घालून गायचं. आवाजाच्या जोरानं कर्ण्याच्या मागचा पातळ पडदा थरथरायचा. पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत जायची. बस, एवढंच. गायकाची ताकद हीच वीज.

उंच स्वर आला की मागे सरकायचं, नाहीतर सुई उडायची. हळू गाताना पुढे वाकायचं. एक चूक झाली की तबकडी बाद. एडिटिंग नाही. आणि वेळ तीन-चार मिनिटं, त्याच्यापुढे तबकडीत जागाच नाही.

हे यंत्र सगळे आवाज सारखे टिपत नसे. फार उंच आणि फार खर्जातला आवाज त्याच्या हातून निसटायचा. बायकांचे तीव्र आवाज पातळ होऊन यायचे, व्हायोलिन जवळपास गायब. पण कारुसोचा तो गडद, भरदार मधला आवाज कर्ण्याला बरोबर मानवला. ज्या आवाजाला टेनॉर म्हणून कमी लेखलं जात होतं, त्याचा तोच गडदपणा इथे उपयोगी पडला. पृष्ठभागाच्या खरखरीवर मात करून तो ऐकू यायचा. तोपर्यंत अनेक मोठे गायक या यंत्राला खेळणं समजत होते. कारुसोच्या तबकड्या निघाल्या आणि हे खेळणं नाही हे लोकांना कळलं.

याच गोष्टीचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. मिलानमध्ये कारुसोला कर्ण्यासमोर उभं करणारा हाच गैसबर्ग त्याच वर्षी बोटीनं कलकत्त्याला आला. नोव्हेंबर १९०२ मध्ये त्यानं गौहर जान यांचं गाणं रेकॉर्ड केलं. रागाचा तासाभराचा विस्तार तीन मिनिटांत कसा बसवायचा, हा प्रश्न त्यांनीही सोडवला, आणि गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची पद्धत पाडली. पुढे आपली नाट्यपदंही अशाच तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर बसून घराघरांत पोचली. तुमच्या प्लेलिस्टमधलं गाणं आजही साधारण तेवढ्याच लांबीचं का असतं, याचं एक उत्तर त्या मेणाच्या तबकडीत आहे.

न्यूयॉर्क, न्यूयॉर्क

२३ नोव्हेंबर १९०३. न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन ऑपेरा, म्हणजे ‘मेट’. खेळ व्हेर्दीचा ‘रिगोलेत्तो’. इथून पुढची सतरा वर्षं कारुसो आणि मेट हे समीकरण झालं. तिथे तो साडेआठशेहून जास्त वेळा गायला.

१९०४ पासून व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीशी त्याचा करार झाला. पुढच्या सोळा वर्षांत सुमारे अडीचशे रेकॉर्डिंग्ज. लाल लेबलवाल्या या तबकड्या स्वस्त नव्हत्या. १९०८ मध्ये आलेली सहा गायकांची एक तबकडी सात डॉलरला विकली जायची. तरी लोक घ्यायचे. दिवाणखान्यात ग्रामोफोन आणि त्यावर कारुसो, ही मध्यमवर्गाची शान झाली.

आणि फक्त श्रीमंतांचीच नाही. १८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन माणसं अमेरिकेत आली होती. गवंडी, हमाल, शिंपी, खाणकामगार. त्यांची टिंगल व्हायची, त्यांच्या इंग्रजीला लोक हसायचे. अशा शहरात रात्री सगळे धनिक हिऱ्यामोत्यांसकट ज्याला ऐकायला येतात तो आपल्या नेपल्सचा, कारखान्यातला पोरगा! मेटच्या सगळ्यात वरच्या स्वस्त रांगांमध्ये हीच माणसं दाटीवाटीनं उभी असायची. परदेशात शिकायला गेलेल्या कुणालाही विचारा, आपल्या भाषेतलं एक गाणं तिथे काय करतं ते.

नवं तंत्र आलं की कारुसो त्याच्या आसपास सापडतोच. १३ जानेवारी १९१० ला संशोधक ली द फॉरेस्टनं मेटच्या रंगमंचावरून रेडिओ प्रसारणाचा प्रयोग केला. न्यूयॉर्कमधल्या मोजक्या श्रोत्यांना आणि बंदरातल्या जहाजांना हेडफोनवर काहीतरी अस्पष्ट ऐकू आलं. त्यात कारुसोचा कानियो होता.

सिनेमात मात्र गणित फसलं. १९१८ मध्ये तो ‘माय कझिन’ या चित्रपटात झळकला, तोही डबल रोलमध्ये. चित्रपट मूक होता. जगातला सगळ्यात महागडा आवाज पडद्यावर नुसताच तोंड हलवतोय! लोकांनी पाठ फिरवली.

प्रसिद्धीचं बिल

आता दुसरी बाजू. कारण कारुसो म्हटलं की जाडजूड, हसरा, मित्रांची व्यंगचित्रं काढणारा, मस्करी करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तो तसा होताच. व्यंगचित्रं तर इतकी चांगली काढायचा की न्यूयॉर्कच्या एका इटालियन साप्ताहिकात ती नियमित छापून यायची.

पण १९०६ हे एकच वर्ष बघा. १७ एप्रिलच्या रात्री तो सॅन फ्रान्सिस्कोत ‘कार्मेन’ गायला. पहाटे मोठा भूकंप झाला. पॅलेस हॉटेलातून तो कसाबसा बाहेर पडला. या शहरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हणाला आणि ठेवलंही नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात एका बाईशी असभ्य वर्तन केल्याचा आरोप त्याच्यावर झाला. माकडानं चिमटा काढला, असा त्याचा बचाव. कोर्टानं दोषी ठरवून दहा डॉलर दंड केला. त्याला मुद्दाम अडकवलं असावं अशी शंका त्याचे चाहते घेत राहिले. पण निकाल निकालच असतो, आणि मोठ्या कलावंताच्या गोष्टीतून तो वगळायचं काही कारण नाही.

१९०८ मध्ये त्याच्या दोन मुलांची आई, गायिका आदा जाकेत्ती, त्याला सोडून गेली. गेली ती त्यांच्याच ड्रायव्हरबरोबर. रंगमंचावरचा कानियो आता घरातच येऊन उभा राहिला. पुढच्याच वर्षी स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करावी लागली. आवाज संपला, अशी चर्चा झाली. तो परत आला. परतलेला आवाज आणखी गडद होता.

१९१० मध्ये ‘ब्लॅक हँड’ या खंडणीखोरांची पत्रं आली. पंधरा हजार डॉलर दे, नाहीतर बघून घेऊ. त्यानं पोलिसांची मदत घेतली आणि दोघं जण पकडले गेले.

आणि सगळ्यात मोठं बिल रोजचं होतं. एवढी वर्षं गाऊनही प्रत्येक खेळाआधी त्याचे हात कापायचे. गुळण्या करायचा, सिगरेटवर सिगरेट ओढायचा. सिगरेट घशाला चांगली नाही हे त्यालाही कळत असणारच. नवख्या पोराचा स्वर फाटला तर लोक विसरतात. कारुसोचा फाटला तर दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. लोक गाणं ऐकायला येत नव्हते, ‘कारुसो’ ऐकायला येत होते. आणि त्याला रोज रात्री स्वतःच्याच तबकडीशी सामना करायचा होता. ती कधी आजारी पडत नाही, थकत नाही, तिचा स्वर कधीच फाटत नाही. असं ओझं वागवणारी ही पहिलीच पिढी होती. आज ज्याचा एखादा व्हिडिओ व्हायरल होतो त्या प्रत्येकाला हे थोडंफार कळेल.

‘गाणं थांबवू नका’

१९१८ मध्ये त्यानं डोरोथी बेंजामिनशी लग्न केलं. ती पंचवीस वर्षांची, तो पंचेचाळीस. तिच्या वडिलांना ते मान्य नव्हतं. डिसेंबर १९१९ मध्ये मुलगी झाली, ग्लोरिया. जून १९२० मध्ये हवानाच्या दौऱ्यात एका रात्रीचे दहा हजार डॉलर मिळत होते. तिथेच ‘आयडा’ चालू असताना थिएटरात बॉम्ब फुटला. तो वाचला.

शरीर मात्र कुरकुरायला लागलं होतं. ११ डिसेंबर १९२०, ब्रुकलिनमधलं थिएटर. ‘लेलिझिर दामोरे’ हा हलकाफुलका विनोदी ऑपेरा. गाता गाता तोंडातून रक्त यायला लागलं. विंगेतून कुणीतरी रुमाल पुढे केला. तो लाल झाला. दुसरा. मग टॉवेल. कारुसो गातच होता. पहिला अंक संपेपर्यंत गायला. मग खेळ थांबवावा लागला.

एवढं झाल्यावर कुणीही घरी बसेल. तो पुन्हा तीन वेळा मेटच्या रंगमंचावर उभा राहिला. शेवटचा खेळ २४ डिसेंबरला, ‘ला जुईव’ मधला म्हातारा सोनार एलेआझार. दुसऱ्या दिवशी नाताळ होता आणि त्याच दिवशी असह्य वेदनेनं तो कोसळला. फुफ्फुसाच्या आवरणात पू झाला होता. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. आज हा आजार औषधांनी आटोक्यात येण्याची बरीच शक्यता असते.

वसंत संपता संपता तो इटलीला परतला. समुद्रकाठच्या सोरेन्तोत काही आठवडे बरे गेले. मग पुन्हा ताप. २ ऑगस्ट १९२१ ला सकाळी त्यानं नेपल्सच्या हॉटेल व्हेसुव्हिओमध्ये शेवटचा श्वास घेतला. ज्या गावात गाणार नाही म्हणाला होता, त्याच गावात. अंत्यविधीसाठी राजानं शाही चर्च उघडून दिलं. रस्त्यावर माणसांचा समुद्र होता.

खरखरीच्या मागे

गोष्ट इथे संपत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात थॉमस स्टॉकहॅम नावाचे इंजिनिअर होते. वॉटरगेट प्रकरणात निक्सन यांच्या टेपमधली पुसलेली साडेअठरा मिनिटं तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीतले. त्यांनी कारुसोच्या तबकड्या कॉम्प्युटरवर घेतल्या. प्रश्न असा, की आपण ऐकतो त्यात कारुसोचा आवाज किती आणि पत्र्याच्या कर्ण्याचा घुमारा किती? कर्णा तर कधीच भंगारात गेलेला. मग तबकडीतल्याच आवाजावरून कर्ण्यानं काय बदल केले असतील याचं गणित मांडायचं आणि ते उलटं फिरवायचं. १९७६ मध्ये या तंत्रानं साफ केलेली तबकडी बाजारात आली. डिजिटल ऑडिओच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी हे एक. सिग्नल प्रोसेसिंग शिकणाऱ्यांनो, तुमच्या सिलॅबसमध्ये कारुसो आहे, फक्त त्याचं नाव छापलेलं नाही.

मग आवाज जन्मजात की घडवलेला? तो गडद रंग जन्माचा होता, त्यात वाद नाही. पण त्या रंगाच्या जोरावर तो नेपल्सचा एक बरा कॅफेगायक झाला असता. त्याला कारुसो बनवलं ते वरच्या तीन-चार स्वरांनी, आणि ते त्यानं वर्षानुवर्षं फाटत फाटत मिळवले, भरलेल्या थिएटरात, लोकांच्या हुर्योसकट. त्याच्या आधीच्या गायकांचे आवाज त्यांच्याबरोबर गेले. हा मात्र लोक ज्याला खेळणं म्हणत होते त्या कर्ण्यासमोर जाऊन उभा राहिला आणि पूर्ण ताकदीनं गायला. समोर प्रेक्षक नव्हता, टाळी नव्हती, वन्स मोअर नव्हता. नुसता पत्रा होता.

ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलंत तर यावेळी खरखरीकडे लक्ष जाणार नाही.

ऐकायचंय? इथून सुरुवात करा

‘वेस्ती ला जुब्बा’ (१९०७) : पाल्याच्चीमधलं विदूषकाचं गाणं. पहिलं हेच ऐका.

‘उना फुर्तिवा लाग्रिमा’ (१९०४) : फक्त पियानोची साथ. आवाज किती मऊ होऊ शकतो ते कळतं.

‘वेक्किया झिमार्रा’ (१९१६) : हे खरं तर खर्जातल्या गायकाचं गाणं. १९१३ मध्ये फिलाडेल्फियात सहकलाकाराचा आवाज बसला म्हणून कारुसोनं त्याच्या वाटचं गाऊन वेळ निभावली. नंतर ते रेकॉर्डही केलं. टेनॉर इतका खाली उतरू शकतो?

‘कारुसो’ (१९८६) : इटालियन गायक लुचिओ दाल्लाचं पॉप गाणं. सोरेन्तोमधले त्याचे शेवटचे दिवस यात आहेत. पावारोत्तीनंही गायलंय. हे मात्र शेवटी ऐका.